शोभेची चेरी आणि टोमॅटोचं छोटं रोप: लावणी, पाणी, छाटणी कुठे सारखी, कुठे उलट

टोमॅटोचं रोप लावताना खोड मातीत थोडं खोल गेलं तर रोप अधिक जोमाने धरतं. चेरीचं कलम तितकंच खोल लावलं तर पहिली दोन-तीन वर्षं काहीच कळत नाही. मग पानं लहान होत जातात, शेंडे सुकतात आणि झाड खंगायला लागतं. तेव्हा खोडाभोवतीची माती उकरून पाहिलं की साल कुजलेली सापडते. हातून झालेली कृती एकच, पण एका झाडाला ती मानवते आणि दुसऱ्याला भोवते. टोमॅटोवर हात बसलेल्यांनी पहिल्यांदा चेरी लावली, किंवा चेरी सांभाळणाऱ्यांनी कुंडीत टोमॅटो लावला, की नेमक्या अशाच जागी घोळ होतो. म्हणून पुढे प्रत्येक काम दोन्ही झाडांसाठी शेजारी-शेजारी मांडलं आहे.

फूल कधी ठरतं

आधी हे समजून घ्यावं, कारण बाकीचं बरंचसं यावरच अवलंबून आहे.

टोमॅटो वाढता वाढता फुलतो. खोडावर साधारण ८ ते १० पानं झाली की पहिला घोस येतो, आणि उंच वाढणाऱ्या जातींत त्यानंतर दर ३ पानांनी पुढचा. पाणी चुकलं, ऊन कमी पडलं, तर आठवड्या-दोन आठवड्यांत रोप ते दाखवतं. चूक सुधारली की पुढचा घोस नीट येतो.

चेरीची वसंतात दिसणारी फुलं आदल्या उन्हाळ्यातच कळ्यांच्या आत घडलेली असतात. बहर संपून पानं आली की फांद्यांवर पुढच्या वर्षाच्या फुलकळ्या तयार व्हायला लागतात. हिवाळाभर त्या मिटून राहतात. पुरेशी थंडी मिळाल्यावर ऊब आली की उमलतात. त्यामुळे उन्हाळ्यात झाड तहानलेलं राहिलं तर पुढच्या वसंतात बहर विरळ येतो, आणि हिवाळ्यात शेंडे छाटले तर त्यांच्यावरची फुलंही कापली जातात. चूक आणि तिचा परिणाम यांत सहा-आठ महिने जातात. तोवर आपण काय केलं होतं ते आठवत नाही. चेरीसाठी एक वही ठेवाच: छाटणी कधी केली, खत कधी दिलं, पाण्याचा ताण कधी पडला, पहिलं फूल कधी उमललं. टोमॅटोला वही लागत नाही, रोज सकाळी पानांवर एक नजर टाकली तरी पुरतं.

जात निवडताना

चेरीच्या बाबतीत पहिला प्रश्न थंडीचा. शोभेच्या बहुतेक जपानी जातींना हिवाळ्यात साधारण ० ते ७ अंश सेल्सिअस तापमानाचे शेकडो तास मिळावे लागतात. ते मिळाले नाहीत तर कळ्या गळतात, पानं उशिरा आणि तुटक-तुटक फुटतात, आणि बहर एकदम न येता इकडे चार फुलं, तिकडे चार असा येतो. खत-पाणी वाढवून ही उणीव भरून निघत नाही. हिवाळा सौम्य असेल तर तैवान चेरी, म्हणजे प्रूनस कॅम्पॅन्युलाटा, पाहावी. तिला थंडी कमी पुरते. हिमालयातली रानचेरी, प्रूनस सेरासॉइडीस, जिला पद्मकाष्ठ म्हणतात, ती तर वसंताची वाट न पाहता शरद ते हिवाळ्याच्या सुरुवातीला फुलते. हिवाळाच नसलेल्या उष्ण, दमट जागी मात्र चेरीचा हट्ट धरू नये. झाड जगलं तरी फुलणार नाही.

दुसरा प्रश्न आकाराचा. रोपवाटिकेत सगळीच कलमं कमरेएवढी दिसतात. ‘कान्झान’ ही दाट पाकळ्यांची गुलाबी चेरी पुढे ८ मीटरच्या आसपास उंच होते आणि पसाराही जवळपास तेवढाच धरते. ‘सोमेई-योशिनो’ त्याहूनही ऐसपैस पसरू शकते. ‘अमानोगावा’ खांबासारखी सरळ वर जाते, त्यामुळे अरुंद जागेत चालते. ‘कोजो-नो-माई’ ही वाकड्या-तिकड्या बारीक फांद्यांची बुटकी चेरी कुंडीतही वर्षानुवर्षं राहते.

बियांपासून चेरी लावण्याच्या फंदात पडू नये. दाट पाकळ्यांच्या फुलांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे अशा झाडांना फळ-बी क्वचितच धरतं. जे बी धरतं त्यातून आईसारखं झाड येत नाही. ‘सोमेई-योशिनो’ची झाडं म्हणजे कलमाने वाढवलेल्या एकाच झाडाच्या प्रती, एका परिसरातली ती सगळी जवळपास एकाच वेळी फुलतात, त्याचं कारण हेच. म्हणून चेरी कलमाचीच घ्यावी. कलमाचा सांधा भक्कम आहे का आणि मुळं पिशवीत गोल फिरून आवळलेली नाहीत ना, हे पाहून घ्यावी.

टोमॅटोत नावाचा एक गोंधळ आहे. ‘चेरी टोमॅटो’ म्हटलं की रोपही लहान असेल असं वाटतं. फळ चेरीएवढं असतं, पण यातल्या बऱ्याच जाती आधार मिळाला तर २ मीटरच्या वर जातात. खरोखर छोटं रोप हवं असेल तर बियांच्या पाकिटावर बुटकी किंवा झुडपी जात लिहिलेली हवी. ‘मायक्रो टॉम’ १५ ते २० सेंटिमीटरवर थांबते, ‘टायनी टिम’ तिच्यापेक्षा थोडी मोठी. झुडपी जातींची वाढ घोसावरच संपते. त्यामुळे त्यांची फळं थोड्या दिवसांत एकदम येतात आणि नंतर रोप थकतं. उंच जाती हवामान साथ देईल तोवर फळत राहतात.

जागा आणि निचरा

ऊन दोघांनाही रोज किमान ६ तास हवं. टोमॅटोला ८ मिळालं तर उत्तम. मातीचा सामू (पीएच) दोघांना ६ ते ७ च्या दरम्यान चालतो.

निचऱ्यात मात्र चेरी फार हळवी आहे. तिची मुळं उथळ असतात आणि पाणी साचलं की गुदमरतात. लावण्याआधी चाचणी करा: ३० सेंटिमीटर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, सगळं मुरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी पाण्याची पातळी तासाला २.५ सेंटिमीटर किंवा जास्त उतरली तर जागा योग्य. त्याहून सावकाश उतरत असेल तर २० ते ३० सेंटिमीटर उंच आणि दीड-दोन मीटर रुंद उंचवटा करून त्यावर लावा. खड्ड्याच्या तळाशी खडी टाकून निचरा सुधारत नाही; भोवतीची माती पाणी घेत नसेल तर ते खडीतच साचून राहतं.

टोमॅटोसाठी जागा चुकली तर कुंडी उचलून दुसरीकडे ठेवता येते. बुटक्या जातीला ३ ते ५ लिटरची कुंडी पुरते, झुडपी चेरी टोमॅटोला १० ते १५ लिटरची, उंच जातीला किमान २० लिटरची लागते. कुंडीतल्या बुटक्या चेरीला मात्र ४५ ते ५० सेंटिमीटर रुंद आणि जवळपास तितकीच खोल कुंडी हवी. ती माती भरल्यावर सहज हलत नाही, म्हणून भरण्याआधीच जागा पक्की करा.

लावणी

टोमॅटोचं बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल पेरा. २१ ते २७ अंश तापमानात ते ५ ते १० दिवसांत उगवतं. साधारण ६ आठवड्यांनी रोप लावणीला येतं. घरात वाढवलेलं रोप एकदम उन्हात ठेवलं तर पानं पांढरी पडून करपतात, म्हणून ७ ते १० दिवस रोज थोडा-थोडा वेळ वाढवत त्याला ऊन-वाऱ्याची सवय लावा. लावताना खालची पानं खुडा आणि खोड वरच्या चार-पाच पानांपर्यंत मातीत जाऊ द्या. टोमॅटोच्या खोडाला ओल आणि अंधार मिळाला की जागोजाग नवी मुळं फुटतात. रोप लांबुडकं झालं असेल तर उथळ चर घेऊन त्यात आडवं झोपवा आणि शेंडा वर काढा. याला एकच अपवाद: कलमी टोमॅटो. त्याचा सांधा मातीच्या वरच ठेवावा लागतो, नाहीतर वरच्या भागाला स्वतःची मुळं फुटतात आणि रोगाला तोंड देणाऱ्या खुंटाचा, म्हणजे ज्याच्या मुळांवर कलम बांधलं त्या रोपाचा, फायदा जातो.

चेरीच्या जुन्या खोडाला अशी मुळं फुटत नाहीत. त्याच्या सालीला हवा लागते. ओल्या मातीत गाडलेली साल मऊ पडते, बुरशी शिरते आणि पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत नेणारा थर तुटतो. म्हणून लावणी अशी करा:

१. झाड सुप्तावस्थेत, पानं नसताना लावा. मुळं उघडी असलेलं कलम असेल तर ती एक-दोन तास पाण्यात भिजवा, त्याहून फार जास्त नको.

२. खड्डा मुळांच्या पसाऱ्याच्या दोन ते तीन पट रुंद घ्या, पण खोली मुळांच्या गड्ड्याएवढीच ठेवा. तळाची माती खणून भुसभुशीत केली तर पुढे ती बसते आणि झाड तिच्याबरोबर खाली जातं.

३. खड्ड्यावर एक सरळ काठी आडवी ठेवा. खोड रुंदावून मुळांत उतरतं ती जागा काठीच्या पातळीत यायला हवी. भारी मातीत ३ ते ५ सेंटिमीटर वरच. पिशवीतल्या कलमाची ही जागा बरेचदा पिशवीतल्या मातीखालीच दडलेली असते, तेव्हा वरची माती बोटांनी काढून ती आधी शोधा. सांधा खाली असलेल्या कलमाचा सांधाही मातीच्या वर स्पष्ट दिसला पाहिजे.

४. काढलेलीच माती परत भरा. खड्ड्यात शेणखत किंवा कंपोस्ट भरून ठेवण्याची सवय इथे मोडा. खत कुजून आक्रसलं की झाड खचतं, आणि मुळं बाहेरच्या मातीत जायचं सोडून त्या मऊ खड्ड्यातच घोटाळतात.

५. २० लिटर पाणी सावकाश द्या. मग ५ ते ८ सेंटिमीटर जाडीचं पालापाचोळ्याचं किंवा लाकडाच्या चुऱ्याचं आच्छादन पसरा. खोडाभोवती १० सेंटिमीटरची मोकळी कडी सोडा.

६. आधाराची काठी झाडाच्या उंचीच्या एक-तृतीयांशापर्यंतच हवी. वरचं खोड वाऱ्याने थोडं हललं तरच जाड होतं. बंध दर काही महिन्यांनी तपासा आणि वर्ष-दोन वर्षांत काठी काढून टाका. सालीत रुतलेला बंध म्हणजे खोडाला आवळलेला फास.

टोमॅटोला मात्र आधार लावणीच्याच दिवशी द्या. नंतर काठी खुपसली की मुळं तुटतात.

पाणी आणि खत

कुंडीतल्या टोमॅटोची वरची २ ते ३ सेंटिमीटर माती सुकली की पाणी द्या, खालून निथळेपर्यंत. कडक उन्हात १० ते १५ लिटरच्या कुंडीला दिवसाला १ ते २ लिटर सहज लागतं. इथे प्रमाणापेक्षा नियमितपणा महत्त्वाचा. दोन दिवस कोरडं आणि तिसऱ्या दिवशी भरपूर असं झालं की पिकत आलेली फळं तडकतात आणि कोवळ्या फळांचं बूड काळं पडून सडतं. हा रोग नाही. कॅल्शियम पाण्याबरोबर फळापर्यंत पोहोचलं नाही की असं होतं. मातीत कॅल्शियम असूनही होतं, म्हणून अंड्याची टरफलं टाकून त्या आठवड्यात काही साधत नाही. पाण्याची वेळ सुधारली की पुढची फळं आपोआप चांगली येतात.

चेरीला पहिले दोन उन्हाळे कोरड्या आठवड्यात एकदाच २० ते ३० लिटर द्या, खोडाशी न ओतता पसाऱ्याच्या कडेपर्यंत. रोज तांब्याभर पाणी देणं हा चुकीचा लाड आहे. त्याने वरची माती ओली राहते, मुळं आणखी वर येतात आणि पहिल्याच ताणात झाड कोमेजतं. मुळं पसरल्यावर फक्त लांबलेल्या कोरड्या काळातच पाणी द्यावं लागतं. कुंडीतली चेरी मात्र कायम आपल्यावरच अवलंबून असते.

खताबाबत टोमॅटो खादाड आहे, विशेषतः कुंडीत. पहिली फळं वाटाण्याएवढी झाली की पालाश जास्त असलेलं पातळ खत दर १० ते १४ दिवसांनी, पाकिटावरच्या प्रमाणात द्या. नत्र जास्त झालं तर रोप गर्द हिरवं, पानांनी भरलेलं आणि जवळपास फुलांविना राहतं. चेरीला वसंताच्या सुरुवातीला आच्छादनाखाली कंपोस्टचा पातळ थर बऱ्याच जमिनींत पुरतो. तिला जास्त नत्र दिलं की लुसलुशीत शेंडे फुटतात, त्यांवर मावा तुटून पडतो आणि हीच कोवळी फूट जिवाणूजन्य खैऱ्यालाही, म्हणजे साल खचवणाऱ्या रोगालाही, लवकर बळी पडते.

छाटणी: दोन्हीकडे फुटवे, पण वेगवेगळे

टोमॅटोत पान आणि खोड यांच्या बेचक्यातून बगलफूट निघते. उंच जातींत ती ५ सेंटिमीटरची होण्याआधी बोटांनी मोडा. सकाळी ती कडक असते आणि स्वच्छ तुटते. झुडपी आणि बुटक्या जातींत मात्र तिला हात लावू नका, तिथे बगलफुटींवरच बरीचशी फळं येतात. मोडलेली मोठी बगलफूट पाण्यात ठेवली तर आठवडाभरात मुळं धरते. तिचं नवं रोप करता येतं.

चेरीत काढायचे फुटवे खुंटाचे असतात. सांध्याच्या खालून किंवा जमिनीतून सरळसोट काठ्या वर येतात. खुंट बहुधा साध्या रानचेरीचा असतो आणि वरच्या कलमापेक्षा जोमदार. फुटवे राहू दिले तर काही वर्षांत दाट गुलाबी बहराच्या जागी साधी पांढरी फुलं दिसायला लागतात, आणि झाडाने रंग बदलला असं वाटतं. कोवळा असतानाच माती बाजूला करून फुटवा मुळापासून ओढून तोडा. सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) वरवर कापला तर उरलेल्या बुडख्यातून चार नवे येतात.

बाकी चेरीची छाटणी जितकी कमी तितकी चांगली. मेलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि आत वळलेल्या फांद्या काढा, बस. वेळ मात्र पक्की पाळा: बहरानंतर ते भर उन्हाळा, कोरडी हवा असलेला दिवस. ओल्या, थंड दिवसांत ताज्या जखमेतून रुपेरी पान रोगाची बुरशी आणि खैऱ्याचे जिवाणू शिरतात. उन्हाळ्यात झाड जखम लवकर बंद करतं. फांदीच्या बुडाशी सुजल्यासारखी कडी असते. तिच्या लगेच बाहेर काप घ्या, कडी कापू नका आणि खुंटीही ठेवू नका. जाड फांदी आधी ३० सेंटिमीटर लांबून खालून अर्धवट, मग किंचित पुढे वरून कापून तिचं वजन उतरवा, शेवटचा काप त्यानंतर. नाहीतर पडणारी फांदी खोडाची साल सोलत नेते. जखमेवर रंग किंवा लेप नको. अवजार दर झाडाला ७० टक्के अल्कोहोलने पुसा. हे टोमॅटोलाही लागू.

थंडी-ऊन आणि फळधारणा

चेरीला हवी असलेली थंडी टोमॅटोला सोसत नाही. १० अंशांखाली तो खुरटतो, दव गोठलं की मरतो. चेरी मिटलेल्या कळ्यांनी हिवाळा काढते, पण उमललेलं फूल उणे २ अंशांच्या आसपास गारठून तपकिरी पडायला लागतं. टोमॅटोची फुलं उष्णतेतही गळतात: दिवसा ३५ आणि रात्री २४ अंशांच्या वर परागकण कामाचे राहत नाहीत. अशा दिवसांत दुपारची सावली करा आणि धीर धरा. हवा निवाली की नवे घोस धरतात. वारा किंवा मधमाश्या नसलेल्या बंद जागेत सकाळी उशिरा घोसाचा देठ हलकेच टिचकीने हलवा, म्हणजे पराग सुटतो.

काय दिसलं तर काय समजावं

चेरीच्या खोडावर डिंक दिसला की घाबरून लगेच औषध फवारू नये. डिंक ही झाडाची जखमेवरची प्रतिक्रिया आहे. खोड पोखरणारी अळी, खैरा, साचलेलं पाणी, गवत कापताना लागलेला घाव, काहीही असू शकतं. डिंकाखालची साल खचलेली, तपकिरी असेल तर खैरा धरावा आणि कोरड्या दिवसांत निरोगी लाकडापर्यंत फांदी कापावी. डिंकात भुसा मिसळलेला दिसला तर आत अळी आहे. टोमॅटोच्या खालच्या पानांवर गोल-गोल वलयांचे डाग आले तर तो करपा. ती पानं काढा आणि पाणी फक्त मुळाशी द्या. शेंड्याची पानं आखडून वर वळली, पिवळी पडली आणि खाली पांढरी माशी उडाली तर बहुधा पर्णगुच्छ विषाणू. ते रोप बरं होत नाही, उपटून टाका.

दोन्ही झाडांना सारखाच पछाडणारा एक रोग मात्र आहे: व्हर्टिसिलियम बुरशीची मर. ती मुळांतून शिरते आणि पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद करते. टोमॅटोची खालची पानं कडेने इंग्रजी व्ही अक्षरासारखी पिवळी पडतात, रोप दुपारी कोमेजतं आणि संध्याकाळी सावरतं. चेरीची एखादीच फांदी किंवा एकच बाजू भर उन्हाळ्यात अचानक सुकते. बुरशीचे सूक्ष्म काळे कण यजमान झाड नसतानाही जमिनीत १० वर्षांहून अधिक टिकतात. म्हणून टोमॅटो, वांगी किंवा बटाटा वर्षानुवर्षं घेतलेल्या वाफ्यात चेरी लावू नये, आणि चेरीच्या पसाऱ्याखाली टोमॅटो लावू नये. तिथे सावलीही असते आणि खणताना चेरीची उथळ मुळंही तुटतात. टोमॅटोच्या पाकिटावर इंग्रजी व्ही हे अक्षर असेल तर ती जात या बुरशीच्या एका प्रकाराला दाद देत नाही. चेरीला अशी सोय नाही.

चेरीसाठी ठरवलेल्या जागी याआधी टोमॅटो घेतले असतील तर हंगाम संपताना एक तपासणी करा. रोपं उपटून खोड मातीच्या वर दोन-तीन बोटांवर उभं चिरा. आतला भाग पांढरट-हिरवा असेल तर ठीक. सालीखाली तपकिरी रेघा दिसल्या तर ती मरच. फ्युजेरियम या दुसऱ्या बुरशीच्या मरीतही अशाच रेघा दिसतात. टोमॅटोवरची ती बुरशी चेरीला लागत नाही, पण डोळ्यांनी दोन्हींतला फरक करता येत नाही. प्रयोगशाळेत तपासून घेता आलं नाही, तर तो वाफा चेरीसाठी सोडून द्या आणि खड्डा दुसरीकडे घ्या.